ज्या पाण्यात डाळ शिजते

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मी उभं आयुष्य दगड बघत फिरले, आणि मला दगडाबद्दल कोणी कधी काही विचारलं नाही. विचारलं ते पाण्याबद्दल. गाडी गावात थांबायची, हातोडा आणि पिशवी घेऊन मी उतरायचे, आणि पारावरून ठरलेला प्रश्न यायचा, "मॅडम, पाणी कुठी लागंल?" इतक्या जुन्या दगडावर घरं बांधून राहिलेल्या माणसांचं त्या दगडाशी एवढंच देणंघेणं. सुरुवातीला मला याचा राग यायचा. आता निवृत्ती तोंडावर आली आहे, गुडघे संपले आहेत, आणि मलाही दगडाकडून तेवढंच हवं असतं.

सरकारी नोकरीत माझं काम भूजलाचं. जमिनीखाली पाणी कुठे आहे, किती आहे आणि ते माणसाच्या पोटात जाण्यालायक आहे का, एवढं सांगायचं. पण त्यासाठी आधी दगड कळावा लागतो, आणि आमच्याकडे दगडांची चैन आहे. पश्चिमेला वरोरा-चिमूरच्या अंगाला लाव्हाचा काळा दगड येऊन संपतो. अर्धा महाराष्ट्र पालथा घालून तो इथवर आला आणि बहुधा दमला. राजुऱ्याकडे चुनखडी. चंद्रपूरच्या आसपास जुन्या नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा दगड आणि त्याच्या पोटात कोळसा. पूर्वेला गडचिरोली, आलापल्लीकडे सागाच्या जंगलाखाली पट्ट्यापट्ट्यांचा दगड, सगळ्यांत म्हातारा. आणि पार खाली सिरोंच्याला तर झाडांचे ओंडकेच्या ओंडके दगड होऊन पडले आहेत.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मला हे सगळं लोकांना सांगायची फार हौस होती. पारावर उभी राहून मी सांगायचे की हा तुमचा काळा दगड एकेकाळी पातळ विस्तव होता, पेजेसारखा वाहत आला आणि थर थर साचत गेला. म्हातारी माणसं मान डोलवायची. एकाने एकदा फार आदराने म्हटलं, "असंल मॅडम. पण आता थंडा झाला ना? मंग पाणी सांगा." तेव्हापासून मी भाषणं बंद केली.

पाणी बरं की वाईट हे ठरवायला आमच्याकडे प्रयोगशाळा आहे. बाटलीत नमुना भरायचा, चिठ्ठी चिकटवायची, पाठवायचा आणि निकालाची वाट बघत बसायचं. लोकांकडे त्याहून झटपट सोय आहे. नवं पाणी लागलं की बायका तिथेच तीन दगडांची चूल मांडतात, त्या पाण्याने भरलेला गंज, म्हणजे पातेलं, चढवतात आणि मूठभर डाळ टाकतात. डाळ मऊ शिजली तर पाणी चांगलं. नाही शिजली तर पाणी जड; ते गुरांना, धुण्याला, भांड्यांना. यात हसण्यासारखं काही नाही. मी स्वतः याच परीक्षेवर वाढले.

आमचं घर चंद्रपूरच्या जुन्या वस्तीतलं. अब्बांचं सायकलदुरुस्तीचं दुकान, घरात माणसं भरपूर आणि अंगणात एक विहीर. तिचं पाणी असं जड की अम्मीची तुरीची डाळ सकाळी चुलीवर चढायची आणि दुपारच्या अजानेपर्यंत एक दाणा दुसऱ्याला ओळख द्यायचा नाही. वर पाणी, खाली डाळ, असा सवतासुभा. पाहुणे येणार असले की अम्मी भावांना नदीवर पिटाळायची, डाळीपुरतं पाणी आणायला. "ये पानी नहीं, पत्थर का अर्क है," असं ती विहिरीकडे बघून म्हणायची. पुढे मी हे शास्त्र शिकले तेव्हा कळलं की अम्मी अगदी बरोबर बोलत होती. दगडातला चुना पाण्यात उतरतो आणि डाळीला शिजू देत नाही. पण ते पाणी पिऊन आम्ही सगळी धडधाकट राहिलो, दात तर सगळ्यांचे दुधासारखे.

आता त्या गावाचं सांगते. चिमूरच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला, काळा दगड जिथे संपतो त्या काठावरच ते वसलं आहे. गावामागे एक बुटकी, माथ्याला सपाट अशी टेकडी. लाव्हाच्या टेकड्या अशाच असतात, कोणीतरी वरून सुरीने कापल्यासारख्या. गावाच्या दुसऱ्या बाजूला नाला आहे, आणि त्या नाल्याच्या उभ्या काठावर सगळा इतिहास उघडा पडला आहे. तळाला पिवळसर वाळूचा दगड, पुस्तकाच्या पानांसारखा थराथरांचा. त्यावर वीतभर जाडीची तांबडी पट्टी. आणि तिच्यावर काळा दगड, पावसापाण्याने कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला. ती तांबडी पट्टी म्हणजे तेव्हाची जमीन. वरून विस्तव वाहत आला आणि ती विटेसारखी भाजून निघाली. इतकी स्वच्छ मांडणी मी दोन्ही जिल्ह्यांत दुसरीकडे पाहिली नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा दमलेली असूनही मी नाल्यात उतरले आणि त्या पट्टीवर हात ठेवून उभी राहिले. तेवढाच त्या गावातला माझा निखळ आनंद.

गावात पाणी दोन ठिकाणी होतं. टेकडीच्या पायथ्याशी एक जुनी दगडी विहीर, काळ्या दगडातली, गाळाने अर्धी भरलेली. आणि गावाच्या मधोमध एक बोरिंग, हापशाचं. बोरिंगचा पाइप काळा दगड फोडून, तांबडी पट्टी ओलांडून खालच्या थरांत फार खोल गेलेला. खालचं पाणी जुनं असतं. दगडात फार काळ मुरतं, आपला चुना तिथे सोडून देतं आणि बदल्यात दगडातलं दुसरं काहीतरी उचलतं. त्या दुसऱ्या गोष्टीचं नाव फ्लोराइड. चवीला लागत नाही, वास येत नाही, रंग नाही. चुना गेल्यामुळे पाणी हलकं होतं आणि डाळ लोण्यासारखी शिजते. म्हणजे ज्या पाण्यात डाळ शिजते, नेमक्या त्याच पाण्यात हा चोर बसलेला असतो. अम्मीची परीक्षा इथे उलटी पडते, आणि हे सांगणं हेच त्या गावातलं माझं काम होतं.

मी पहिल्यांदा गेले तो रमजानचा महिना होता, आणि चिमूरकडचं ऊन. रोजा धरलेला. हापशाच्या सर्वांत जवळचं घर होतं त्याच्या ओसरीत मी टेकले. घरात एक सून, तिची सासू आणि सुनेच्या दोन मुली. सुनेचा नवरा शेतावर होता. मोठी मुलगी शाळेत जाणारी, तिने पुढे होऊन पाण्याचा गडू दिला. मी रोजा आहे म्हटल्यावर ती लाजून हसली, आणि मला जे बघायचं नव्हतं ते दिसलं. समोरच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे. सहज म्हणून विचारलं तर गावातल्या तिच्या वयाच्या बहुतेक पोरांचे तसेच. आईचे दात मात्र पांढरेशुभ्र, कारण तिचं माहेर दुसरीकडचं, विहिरीच्या पाण्याचं.

सासू बाजेवर बसली होती. बसली होती म्हणजे वाकली होती. पाठ एकदा वाकली ती सरळ होत नव्हती, मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागे. तोंडात एकही दात नव्हता. पण बोलण्याची हौस भारी. बोरिंग लागलं त्या दिवसाची गोष्ट तिनेच मला सांगितली. मशीन आधी काळा धुरळा उडवत होती, मग तांबडा, मग पिवळा, मग राखेसारखा, आणि मग पाणी उसळलं. "सारे नाचून राह्यले होते, माय. पण मी म्हणलं, थांबा. आधी डाळ टाकून पाहू. लाखोळीची डाळ टाकली मीच. चिलीम ओढून होत नाई तं डाळ शिजली! मंग मीच म्हणलं, पाणी गोड हाय, प्या." एवढं सांगून ती बोळकं पसरून हसली. माझ्या हातात तेव्हा त्याच पाण्याची बाटली होती.

निकाल आला तो मला अपेक्षित होता तसाच आला. मी परत गेले, शाळेत सभा घेतली. समजावून सांगितलं की हे पाणी मोठ्यांच्या हाडांत जातं आणि लहानांच्या दातांत. हापशाला लाल रंग मारला. लोकांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लाल हापशावर रांग लागली. पालथ्या घड्यावर पाणी, ही म्हण माझ्या खात्याच्या बोधचिन्हाखाली लिहायला हवी.

सभा संपल्यावर एकटी ती सून मागे थांबली होती. धाकटी तिच्या कडेवर होती, वर्षभराची, दुधाचे चार दात आलेली. सुनेने मोठ्या मुलीकडे बघितलं, मग धाकटीचा ओठ बोटाने वर केला आणि मला दाखवलं. "इचे तं चांगले हाय ना?"

मी म्हटलं, हे दुधाचे आहेत, हे पडणार. खरे दात आत आहेत, हिरडीच्या पोटात, आत्ता तयार होताहेत. आत्ता हिच्या पोटात जे पाणी जाईल त्याचा रंग त्यांच्यावर चढणार.

"म्हणजे अजून टाइम हाय?"

"आहे."

"मंग इचे पांढरे आणायचे, मॅडम. मोठीचं जे झालं ते झालं. उद्या इले पाह्याले येतील तं पहिले दातच पाह्यतील." ती हे रागाने बोलली. माझ्यावर राग नव्हता, कोणावर होता कोण जाणे. मोठी दारातच उभी होती आणि तिने ते ऐकलं.

त्यानंतरचं वर्ष मी पायथ्याच्या त्या जुन्या विहिरीमागे घालवलं. कोणाच्या सह्या, कोणाचे दौरे, कोणाची बदली, हे सगळं लिहायला बसले तर वाचणारा झोपेल आणि मीही. शेवटी गाळ निघाला. खाली काळ्या दगडाच्या सांध्यांमधून चहूबाजूंनी स्वच्छ पाणी झिरपताना दिसलं. नमुना तपासला, फ्लोराइड नगण्य. जड मात्र होतं, पत्थर का अर्क. बायकांनी आपली परीक्षा घेतली. डाळ शिजेना. कोणीतरी म्हणालं, याच्यापेक्षा पहिलंच बरं होतं. पण ती सून दुसऱ्या दिवशी पाण्याच्या दोन गुंड्या घेऊन विहिरीवर गेली आणि मग रोज जाऊ लागली. हापसा दारात, विहीर पायथ्याला. वाट चढाची, पापुद्रे सुटलेल्या दगडांची, पाऊल घसरणारी. तिचं बघून आणखी चार घरं जाऊ लागली, मग अर्धं गाव. मला त्या बाईचं फार कौतुक वाटायचं. ऑफिसात कंटाळा आला की मी तिची आठवण काढायचे.

मी दर वर्षी नमुने घ्यायला जायचे. दर वर्षी माझा दौरा नेमका रमजानात पडायचा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की नमुने घ्यायचे हा नियम, आणि त्या वर्षांत रोजेही उन्हाळ्यातच. त्यामुळे त्या घरात मी कधी घोटभर पाणी प्याले नाही की घासभर खाल्लं नाही. ओसरीत बसायचे, धाकटीला बघायचे. पोर वाढत होती. दुधाचे दात पांढरे, दाणे लावल्यासारखे. माठ विहिरीच्या पाण्याचा. सून मला माठावरचं झाकण काढून दाखवायची. शाळेतल्या बाईंना वही दाखवावी तशी.

मग एका वर्षी काम लांबलं आणि मी ईद झाल्यावर गेले. नाल्यात उतरायचा विचारही केला नाही, गुडघ्यांनी आधीच नकार कळवला होता. ओसरीत टेकले तर सून म्हणाली, "आज तं जेवूनच जा. आज तुमचा उपास नाई." नाही म्हणवेना. तिने ताट वाढलं. भात, लाखोळीचं वरण, वर लसणाची फोडणी, बाजूला मोहाच्या टोळंब्यांची, म्हणजे कच्च्या फळांची, भाजी. धाकटी माझ्या शेजारी बसून तेच जेवत होती, भात कमी आणि वरण जास्त.

पहिला घास तोंडात गेला आणि मी मनापासून म्हटलं, "काय सुंदर झालंय वरण!" मऊ, एकजीव, दाणा शोधून सापडू नये असं. आमच्या घरी फक्त पाहुण्यांच्या दिवशी व्हायचं तसं. दुसरा घास उचलला आणि परत ताटात ठेवला. कारण पायथ्याच्या विहिरीच्या पाण्यात अशी डाळ शिजूच शकत नाही. हे सांगायला मला बाटली नको होती, प्रयोगशाळा नको होती. लहानपणाच्या कितीतरी दुपारी मी त्या न शिजणाऱ्या डाळीची वाट बघण्यात काढल्या आहेत.

मी विचारलं, "वरणाला पाणी कुठलं?"

"बोरिंगचं," ती सहज म्हणाली. "सैपाक सारा बोरिंगच्याच पाण्यावर. प्यायचं तेवढं विहिरीचं. प्याले आमी एक थेंब नाई घेत, मॅडम, देवाची आण. बुढीले दात नाई, तिले मऊ डाळ लागते. विहिरीच्या पाण्यात दिवसभर जाळ लावला तरी शिजत नाई. अन् इवढं सरपण कुठून आणू?"

"पण मी सांगितलं होतं ना, ते पाणी पोटात—"

"उकळते ना ते," ती म्हणाली. आणि मग मला समजावून सांगू लागली, जशी मी सभेत तिला सांगत असे. दवाखान्यातली बाई सांगते, अंगणवाडीतली सांगते, शाळेच्या भिंतीवर लिहिलं आहे, पाणी उकळून प्या. उकळलं की दोष जातो. मग डाळीत तर ते पाणी चांगलं खळखळा उकळते! तिने डोकं लावलं होतं. जे जे तिला आजवर शिकवलं गेलं होतं, त्या सगळ्याची तिने नीट जोडणी केली होती, आणि घरातल्या म्हातारीची सोयही बघितली होती.

उकळल्याने जंतू मरतात. हा जंतू नाही. हा दगड आहे, पाण्यात विरघळलेला. पाणी उकळतं तेव्हा वाफ होऊन पाणी उडतं, दगड गंजातच राहतो. डाळ जितकी आटवून घट्ट करावी तितका तो जास्त. मी हे तिला सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही, फार हळू आवाजात सांगितलं असावं, कारण तिने दोनदा "काय?" असं विचारलं. माझ्या पानात वरण तसंच होतं. धाकटीचं ताट चाटूनपुसून लख्ख झालं होतं.

तिला कळलं तो क्षण मला दिसला. ती उठली. चुलीवर गंजात उरलेलं वरण होतं ते तिने उचललं आणि अंगणाच्या कडेला ओतून दिलं. कोंबड्या धावत आल्या तर तिने त्यांनाही हाकललं. मग ती तिथेच उकिडवी बसली, आमच्याकडे पाठ करून. "इतकी वर्सं," ती म्हणाली, "इतकी वर्सं त्या दगडावरून गुंडी आणून राह्यली मी." मला रडू आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत लोकांसमोर कधी रडले नव्हते. थकलेल्या माणसाला रडू लवकर येतं, दुसरं काही नाही.

बाजेवर सासू सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "माह्यासाठी डाळ नको शिजवू. मी पेज पीन." सून पाठमोरीच राहिली. म्हातारी पुन्हा म्हणाली, "आयकलं का? पेज पीन मी. नाई तं डाळ दळून दे, पिठलं होते. पीठ तं कोन्याही पाण्यात शिजते." मी म्हटलं, पीठ शिजतं, आणि डाळ करायचीच तर आदल्या रात्री भिजत घाला, शिजवताना चिमूटभर खायचा सोडा टाका, माझी अम्मी शेवटी तेच करायची. मी हे मोठ्या उत्साहाने सांगत होते. मला काहीतरी उपयोगाचं बोलायचं होतं. सुनेने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "सोडा किती टाकाचा?"

गाडीत बसल्यावर मी हिशेब करत होते. पोटात गेलेलं किती, वय किती, आतल्या दातांचं काय झालं असेल. हिशेब येत होता आणि मला तो नको होता. समोरचे दात आधी तयार होतात. पोर आता पाच वर्षांची.

त्यानंतर दोन उन्हाळे मी तिकडे गेले नाही. आधी गडचिरोलीला पाठवलं, मग मुलचेऱ्याकडे. तिकडच्या बंगाली गावांत तळ्यातले मासे खाल्ले, वेगळ्या दगडातलं वेगळं पाणी तपासलं. मनातून मी ते गाव टाळतच होते. बदली झाली की माणसाला टाळण्याचं निमित्त आयतं मिळतं.

या वर्षी गेले. निवृत्तीआधी सगळ्या जुन्या गावांचे नमुने एकदा घ्यावेत असं ठरलं आणि यादीत ते गाव होतं. ओसरी तीच. म्हातारी बाजेवर, आणखी वाकलेली. मोठी आता चिमूरला शिकायला जाते, ती घरी नव्हती. घरात शिरताच मला पहिल्यांदा दिसला तो चुलीशेजारचा गंज, त्यात पाण्यात भिजत पडलेली डाळ. सून म्हणाली, घरातला थेंब न् थेंब आता विहिरीचा असतो. आंघोळ सोडून सगळं. आधी दोन गुंड्या आणायची ती आता दिवसातून चार खेपा करते. तिची टाच फुटलेली होती, आणि बोलताना ती कंबरेवर हात ठेवून उभी राहायची.

तिने मुलीला हाक मारली. धाकटी धावत आली आणि न सांगताच माझ्यासमोर "आ" करून उभी राहिली. तिला बहुतेक ठाऊक होतं मी कशासाठी येते. वरचे दोन, खालचे चार. नवे, मोठे, अजून करकरीत कडांचे. आणि त्यांच्यावर पिवळे पट्टे. बहिणीच्या दातांइतके गडद नाहीत, पण पट्टे. मी चष्मा लावून पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं. काळ्या दगडावरची रेघ पुसता आली असती, हे पट्टे नाही.

"मोठीपेक्षा कमी हाय," सून म्हणाली. ती विचारत नव्हती.

"कमी आहेत," मी म्हटलं. आणि मग खरं तेच सांगितलं. हे दात तुम्ही सैपाकाचं पाणी बदललं त्याच्या आधीच आत तयार झाले होते. जे झालं ते त्यांच्यावर उमटलं, आता ते जाणार नाही. पण मागचे दात, दाढा, त्या नंतर तयार होतात. त्या अजून यायच्या आहेत. त्या चांगल्या येतील.

धाकटीने तोंड मिटलं आणि खेळायला पळाली.

"मागचे दात कोन पाह्यते, मॅडम?"

म्हातारी बाजेवरून म्हणाली, "पाह्याले नाई, चावाले लागते ते. मले पूस." सून तिच्यावर खेकसली, "तुमी चूप बसा!" आणि लगेच जाऊन तिच्या पाठीमागची उशी सरळ करून आली. मग पुन्हा माझ्यासमोर उभी राहिली.

"पन ते तं पांढरे येतील? पक्कं?"

आमच्या धंद्यात पक्कं कोणी म्हणत नाही. खाली दगड आहे, तो दिसत नाही, अंदाजाने बोलायचं असतं. शक्यता आहे, संभव आहे, असं लिहायचं असतं. मी तीसेक वर्षं तसंच लिहीत आले.

"पक्कं," मी म्हटलं.

तिने मान हलवली, दोन रिकाम्या गुंड्या उचलल्या आणि पायथ्याच्या वाटेला लागली.